न खुडलेल्या चाफ्यातली माशी

मंदा,

आज संध्याकाळच्या आत मला तुझ्या वैदेहीला एक उत्तर द्यायचं आहे. खरं तर ते तू द्यायचं होतंस. तुला जाऊन अजून महिना झाला नाही, आणि भावजयीला कामाला लावायची तुझी सवय काही सुटलेली नाही.

सकाळपासून माझं कशात लक्ष नाही. तुळिंजहून एक जोडपं नर्सरीत बाल्कनीसाठी झाडं घ्यायला आलं होतं. नवऱ्याने मोगऱ्याचा भाव पाडून मागितला आणि मी चक्क हो म्हटलं. तो बिचारा घाबरलाच. रोपात काही खोट आहे की काय म्हणून पानं उलटीपालटी करून बघायला लागला. आपली लक्ष्मी झारी घेऊन उभी होती, ती म्हणाली, "बाय, जीव बरा नाय का तुमचा? थोडा पानी प्या." प्याले. काही फरक पडला नाही.

उत्तर एवढंच द्यायचंय, की तुझं नाव त्या माशीच्या पुढे लावायचं की मागे. दोन्हीकडे लावलेलं शोभत नाही म्हणे. तू हसशील, पण मला सगळं पहिल्यापासून मांडल्याशिवाय काही ठरवता येत नाही. तूच सांगायचीस, वहिनी, आधी नमुना बघावा, मग तोंड उघडावं. तर बघू.

आपल्या वसईत सोनचाफ्याच्या वाडीत बी धरत नाही. धरेल कसं? कळी पुरती उमलायच्या आत आपण ती खुडतो, पाण्यात टाकतो, पिशव्यांत भरतो आणि दादरच्या बाजारात पाठवतो. ज्याचं फूलच झाडावर राहत नाही त्याला फळ कुठून येणार? पण गासला आपल्या बावखलाच्या, म्हणजे त्या जुन्या तळ्याच्या, काठावरचा चाफा एवढा उंच गेलाय की त्याच्या शेंड्याला कुणाची आकडी पोचत नाही. त्याची फुलं वरच राहतात, त्यांचे घोस धरतात, पावसाच्या शेवटी ते उकलतात आणि आतून लाल बिया डोकावतात. मला कलमं करायला खुंट लागतात आणि खुंटाला बी लागतं. त्यासाठी मी ते झाड जपलं होतं. मग ते मला नको झालं, कारण त्याचं बी रुजेना.

वाफेच्या वाफे रिकामे. मी माती बदलली, खत बदललं, पाणी घालणारी बाई बदलली. शेवटी झाड तोडणाऱ्याला बोलावून आणलं. तो बुंध्याभोवती फिरून किती लाकूड निघेल त्याचा अंदाज घेत होता आणि तू नेहमीप्रमाणे रविवारची भाजी न्यायला आलीस. काय झालं विचारलंस, ओट्यावर बसलीस, कॉलेजात मुलांना दाखवावं तसं दाढीच्या पात्याने एक एक बी चिरत गेलीस.

"वहिनी, हे बघ."

"काय बघू? माझं वाटोळं?"

"आत कोणीतरी राहतंय."

तांदळाच्या कणीएवढी पांढरी अळी. बीच्या पोटात वेटोळं करून बसलेली. सगळा गर फस्त, बाहेरचं टरफल मात्र जसंच्या तसं.

"भाडं देते का?" मी विचारलं.

"नाही."

"मग घराबाहेर काढ तिला."

तू काढली नाहीस. उलट माझी लोणच्याची बरणी मागितलीस, धुतलीस, तरी तिचा वास गेला नाही. त्यात बिया टाकल्यास आणि तोंडाला माझ्याच जुन्या साडीचा तुकडा बांधलास. मग एक दिवस त्यातून ती बाहेर आली. तिळाएवढी. मी म्हटलं, "हे तर चिलट!" तू म्हणालीस, "चिलट नाही, गांधीलमाशीच्या गोतातली आहे. पण ही डंख मारत नाही." "डंख मारत नाही? माझं सगळं बियाणं खाल्लं तिने!" तुझा दादा आतून ओरडला, "अगं, हळू बोला, लोकांना वाटेल इस्टेटीवरून भांडतायत."

इस्टेटीवरून आपण कधी भांडलो नाही. फक्त सौदा केला, आणि त्यात तू मला मात दिलीस, ते मी अजून विसरलेले नाही.

मी या घरात आले तेव्हा बावखलाच्या पलीकडे नुसतं रान होतं. नालासोपाऱ्यात नव्या बिल्डिंगी उठल्या की मी त्यांच्या फाटकाशी टोपलीत तुळशीची रोपं घेऊन बसायची. कुणी हटकलं तर भांडायची, कुणी भाव पाडला तर त्याच्या बायकोला हाक मारायची. त्या टोपलीतून ही नर्सरी उभी राहिली. हे तुला ठाऊक होतं, म्हणूनच जमिनीतला हक्क सोडायची वेळ आली तेव्हा तू काही मागणार नाहीस अशी माझी समजूत. रजिस्ट्रारच्या ऑफिसात बाकावर आपण तिघं बसलेलो. सही करायला पेन हातात घेतलंस आणि म्हणालीस, "माझी एक अट आहे. चाफा तोडायचा नाही."

मी म्हटलं, "या वर्षी नाही तोडत."

"कधीच नाही."

"कधीच म्हणजे? ते झाड माझ्या वाफ्यांवर सावली धरतं, माझं बी सडवतं, आणि मी त्याची पूजा करू?"

"बी सडत नाही, खाल्लं जातं. दोन्हींत फरक आहे."

"माझ्यासाठी नाही."

तुझा दादा खिडकीबाहेर बघत होता. त्याला असल्या वेळी नेहमी खिडकी सापडते. मी थोडी वर चढले, तू थोडी खाली उतरलीस, आणि शेवटी ठरलं, की तू असेपर्यंत. 'मी असेपर्यंत तोडायचा नाही.' मी हो म्हटलं आणि मनात म्हटलं, बरं आवरलं. तू माझ्यापेक्षा लहान. हे 'असेपर्यंत' पुढच्या कुणाच्यातरी वाट्याला जाईल, माझ्या नाही, असा माझा हिशोब. मी आयुष्यात इतका चुकीचा हिशोब केलेला नाही.

त्यानंतर दर पावसाळ्याच्या शेवटी माझ्या पॅकिंगच्या खोलीत बरण्यांची रांग. मनवेलपाड्याच्या तुझ्या फ्लॅटमध्ये जेवायच्या टेबलावर सूक्ष्मदर्शक, आणि जेवण मांडीवर. साऱ्या जगात अजून कुणी या माशीला नाव दिलेलं नाही, हे तू मला सांगितलंस तेव्हा तुझा आवाज अगदी हळू झाला होता. मला राग आला होता. इतकी वर्षं माझं नुकसान करणारीला नावसुद्धा नाही? मी शिव्या तरी कोणाच्या नावाने द्यायच्या?

तू तिचं वर्णन लिहायला घेतलंस. एकेक वाक्य लिहायचीस आणि मराठीत करून मला ऐकवायचीस. देह मधाच्या रंगाचा. डोळे तांबडे. डोक्यावर केस विरळ. पंखावर धुरकट डाग. मागे अंडी घालायची नळी, जवळजवळ अंगाएवढी लांब, वर वळलेली. मी भाजी निवडत ऐकायची आणि म्हणायची, "मुलगी बघायला आलीयस की काय? स्वयंपाक येतो का विचार."

"येतो ना. तुझं बियाणं पचवते."

"आणि घराणं?"

"घराणं चांगलं आहे, वहिनी. पण हिच्यासारखी अख्ख्या घराण्यात कोणी नाही."

हे म्हणताना तुझं तोंड असं खुलायचं की पुढचा टोमणा मी गिळायची. मला ते दिवस आवडायचे. आता सांगते. तेव्हा सांगितलं असतं तर तू आणखी बरण्या मागितल्या असत्यास.

आणि तिथेच सगळं अडलं. कारण तुला नर हवा होता.

बरणीतून निघायच्या त्या सगळ्या माद्याच. दर वर्षी माद्याच. तू म्हणायचीस, नराशिवाय वर्णन अर्धं. मी म्हणायची, अर्धं तर अर्धं, पाठव. मी माल विकते, मंदा. मला एवढं कळतं, की हातात आहे तेवढ्यावर सौदा मिटवावा. उरलेला माल येईल तेव्हा त्याचा वेगळा सौदा करावा. सगळा माल गोळा होईपर्यंत थांबणाऱ्याचं दुकान मी चाललेलं बघितलेलं नाही. वैदेहीसुद्धा तेच म्हणायची. तुझ्या हाताखाली शिकलेली मुलगी, आता दुसऱ्या शहरात मोठ्या प्रयोगशाळेत काम करते, तिला हे कळत नसेल? पण तू वर्णनाच्या वर नावाची जागा कोरी ठेवायचीस. "नर सापडला की बारसं. तुला पहिलं आमंत्रण."

आपलं शेवटचं भांडण याच्यावरूनच झालं. गौरी जाऊन चार दिवस झाले असतील. तू ओट्यावर बसून फळांचे घोस उकलत होतीस. धाप लागत होती तुला, मी ते बघत होते, आणि तू म्हणालीस, "या वर्षी नाही निघाला तर पुढच्या वर्षी." माझं डोकं फिरलं.

"जन्मभर स्वतःला नवरा नको म्हणालीस," मी म्हटलं, "आणि या माशीला नवरा शोधतेस? बापाशिवाय बारसं होत नाही का?"

तू हातातलं बी खाली ठेवलंस. "तिला नको असेल तर नको, वहिनी. पण तो आहे की नाही, ते तरी कळू दे."

"आणि तोपर्यंत दुसऱ्या कुणी नाव देऊन टाकलं तर?"

"देऊ दे. माशी तीच राहील."

"माशी तीच राहील! मग तू कशाला मरतेयस तिच्यामागे?"

हे मी बोलले. शब्द हाच होता. त्याबद्दल मला कुणी समजवायला येऊ नये. मी बरोबरच बोलले होते आणि आजही तेच बोलेन. तू थांबायला नको होतंस. मला राग याचा आहे, की तू उत्तर दिलं नाहीस. भाजीची पिशवी उचललीस, दादाला हाक मारलीस, मला नाही मारलीस, आणि गेलीस. पुढच्या रविवारी मी वाद पुढे चालवायची तयारी करून बसले होते. मुद्देसुद्धा काढून ठेवले होते. रविवारच्या आधीच तुझ्या शेजारणीचा फोन आला. असं अर्ध्यावर उठून जाणारं गिऱ्हाईक मला मुळीच आवडत नाही.

तुझ्या कॉलेजने शोकसभा घेतली. आम्हाला दुसऱ्या ओळीत बसवलं. पहिल्या ओळीत कोण होते ते मला अजून कळलेलं नाही. एक गृहस्थ उठले आणि म्हणाले, "मॅडमना ही नवी जात एका नर्सरीत आढळली." एका नर्सरीत! गाव नाही, माणूस नाही. झाड माझं, बी माझं, बरणी माझी, साडी माझी, आणि मी 'एका'? मी उठतच होते. तुझ्या दादाने पदर घट्ट धरून ठेवला. "तिचा कार्यक्रम आहे," तो हळूच म्हणाला. "तिचा आहे म्हणूनच," मी म्हटलं. पण बसले. तुला सभेत आवाज चढवलेला आवडत नसे.

तेराव्यानंतर झाड तोडणारा आला. तोच. डोक्यावरचा रुमाल काढून उभा राहिला, दोन शब्द चांगले बोलला, आणि मग म्हणाला, "वहिनी, आता मोकळं झालं ना ते?" त्याला अटीचं ठाऊक होतं. मीच सांगितलं होतं, तुझ्या नावाने बोटं मोडताना. मी त्याच्यावर अशी ओरडले की नर्सरीत आलेली दोन गिऱ्हाइकं परत गेली. तो गेल्यावर मात्र मनात आलं, त्याचं काय चुकलं होतं? सौदा संपला होता. मला अडवणारं कुणी उरलं नाही, आणि हीच तर पंचाईत. अडवणारं कुणी असलं की माझं मला कळतं मी काय करणार ते. सध्या झाड आहे. एवढा हंगाम जाऊ दे, मग बघेन. तुला वचन वगैरे देत नाही.

त्याच आठवड्यात वैदेही आली. तुझ्या फ्लॅटची किल्ली आमच्याकडे होती. तुझी नमुन्यांची पेटी तिने उघडली तेव्हा आत काय उरलं असेल याचीच मला धास्ती. आपल्याकडची दमट हवा, बुरशी, मुंग्या. तू गेल्यापासून डांबराच्या गोळ्या कुणी बदलल्या नव्हत्या. टाचण्यांवर कागदाचे बारीक तिकोने, आणि प्रत्येकाच्या टोकाला डिंकाने चिकटवलेली एक एक माशी. सगळ्या शाबूत होत्या. वैदेही रडायला लागली. मी पंख्याकडे धावले, तो बंद केला. अश्रू परवडतील, वारा नाही.

मग ती चहा घेताना म्हणाली, "मावशी, तुम्हाला सांगू? मला वाटतं, नर नाहीच."

"सापडला नाही म्हणतेस?"

"नाहीच. काही जातींत असं असतं. मादी एकटीच अंडी घालते, त्यातून पुन्हा माद्याच. पिढ्यान्‌पिढ्या."

मी बशी खाली ठेवली. "मग मंदा इतकी वर्षं कोणाची वाट बघत होती?"

"मॅडमना हे माहीत होतं."

"माहीत होतं?"

"त्यांनीच तर मला शिकवलं. पण त्या म्हणायच्या, 'आहे' म्हणायला एक नर पुरतो. 'नाही' म्हणायला किती बरण्या बघायच्या?"

मंदा, हे तू मला का नाही सांगितलंस? मला वाटत राहिलं, तू हट्टाने एका नराची वाट बघतेयस. तू तर तो नसल्याची खात्री करून घेत होतीस. मला सांगितलं असतंस तर मी आणखी बिया गोळा करून दिल्या असत्या. वरच्या फांद्यांपर्यंत माणूस चढवला असता. भांडलेही असते, पण त्या गोष्टीवरून भांडले असते. आपण दोघी दोन वेगवेगळ्या भांडणांत बसलो होतो, आणि तुला ते माहीत होतं, मला नव्हतं.

वैदेहीने ठरवलं, आता थांबायचं नाही. मादीचं वर्णन जसं तू लिहिलंयस तसंच पाठवायचं आणि खाली लिहायचं, नर अज्ञात. 'नाही' असं लिहायचं नाही, 'अज्ञात' लिहायचं. म्हणजे तुझाही मान राहिला आणि माझाही. आता फक्त कोरी जागा भरायची राहिली. ते तिने काल फोनवर मला समजावून सांगितलं.

"मावशी, प्राण्याच्या नावामागे त्याचं वर्णन करणाऱ्यांची आडनावं लागतात. कायमची. जगात कुणीही ही माशी लिहील, तर मागे मॅडमचं आणि माझं आडनाव येईल. एक तर तसं करू. नाहीतर माशीलाच मॅडमचं नाव देऊ. पण मग वर्णन करणारी म्हणून मागे एकटी मी. मॅडम मागे नकोत."

"का नकोत?"

"स्वतःच स्वतःचं नाव दिल्यासारखं दिसतं ते."

"कायद्याने बंदी आहे का?"

"बंदी नाही. पण शोभत नाही."

"मग पुढेही लाव आणि मागेही लाव. शोभायचं मी बघते."

"मावशी, लोक हसतील."

"हसू देत! मला हसले नाहीत का? टोपली घेऊन बसायची तेव्हा..."

"तुम्हाला नाही. मॅडमना हसतील."

मी पुष्कळ सौदे केलेत, मंदा. समोरच्याची बाजू जड झाली की मी रागावते, उठून जाते, चार पावलं जाऊन मागे वळून बघते. काल मी कुठे उठून जाणार होते? वैदेही म्हणाली, उद्या संध्याकाळी पाठवायचंय, तुम्ही घरच्या, तुम्ही सांगाल तसं.

रात्री जेवताना तुझ्या दादाला विचारलं. तो ताटात बघत म्हणाला, "पुढे लाव. तिच्यामागे कोण आहे आपल्या घरात? ना मूल, ना बाळ. माशीच्या रूपाने का होईना, नाव राहील." तो असं कधी बोलत नाही. मला नाही म्हणवेना. हो पण म्हणवेना.

सकाळी नर्सरीचं कुलूप उघडताना बोर्डाकडे बघितलं. रोज बघते, पण आज थांबून बघितलं. बोर्डावर आबांचं नाव आहे. माझ्या सासऱ्यांचं, तुझ्या वडिलांचं. चांगला माणूस, पण त्यांनी या नर्सरीत एक झारी उचलली नाही, कारण ती सुरू झाली तेव्हा ते नव्हतेच. तुझ्या दादाने नाव लावलं, मी हो म्हटलं, घरच्यांचा मान म्हणून. लोक येतात, म्हणतात, आबांची नर्सरी. आबांनी छान केलंय. आबांचे कष्ट दिसतात. मी पिशव्या भरत ऐकते. माझी नखं कुरतडलेली, हाताला शेणखताचा वास, आणि कष्ट आबांचे. नाव पुढे असणं म्हणजे काय, ते मला विचारा. पुढचं नाव दुसरी माणसं देतात. प्रेमाने देतात, पण ते मिळालेलं असतं. मागचं नाव ज्याने काम केलं त्याचं.

तू टेबलावर वाकून पाठ मोडून घेतलीस. एकेक केस मोजलास. ते सगळं वैदेहीच्या एकटीच्या नावावर जाणार, आणि तुझं नाव त्या खादाड माशीला? तू तिला बघितलंस, की तिने तुला?

पण दादाचंही खरं आहे. मागचं कोण वाचतं? बोर्डाखाली प्रोप्रायटर म्हणून माझं नाव बारीक अक्षरात आहे, ते आजवर एकाही गिऱ्हाइकाने वाचलेलं नाही. म्हणजे तुला मागे लावायचं म्हणजे दुसऱ्या ओळीत बसवायचं का? त्या शोकसभेसारखं? दुपारपर्यंत माझं हे असं चाललं होतं, इकडून तिकडे. तुला पुढे ठेवलं की तुझे कष्ट जातात. मागे ठेवलं की तू दिसत नाहीस.

इथपर्यंत लिहून मी उठले आणि वैदेहीला फोन लावला. आणखी बसले असते तर संध्याकाळ झाली असती.

"मागे लाव," मी म्हटलं. "तुझ्या आधी तिचं."

"आधी त्यांचंच येणार, मावशी. मग माशीचं नाव काय द्यायचं? मॅडमनी कधी काही म्हटलं होतं?"

"बारशाला ये म्हणाली होती. नाव नव्हतं सांगितलं."

मग मी म्हटलं, "गावाचं दे. गासचं. नंतर कुणी उठून 'एका नर्सरीत' म्हणायला नको."

ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली असावी. म्हणाली, होतं तसं, गावावरून नाव देतात, मी बसवते त्यांच्या पद्धतीत. आणि मला पुन्हा भीती वाटली, कारण ती इतक्या पटकन तयार झाली. समोरचा लगेच हो म्हणाला की मला कायम वाटतं, आपलं काहीतरी चुकलंय. आणि तू तर गाव सोडून मनवेलपाड्याला गेली होतीस. जमिनीची सही झाली त्याच वर्षी गेलीस. जागा लहान पडते म्हणालीस, आणि मी खोदून विचारलं नाही. दर रविवारी यायचीस, पण मुक्कामाला एकदाही राहिली नाहीस. तुला हे नाव हवं होतं का? की हेच एक नको होतं?

"नक्की ना, मावशी?" वैदेहीने विचारलं.

"नक्की नाही गं," मी म्हटलं. "पण लिही."

तुझ्या दादाला अजून सांगितलेलं नाही. तो बावखलाकडे गेलाय, आल्यावर सांगेन. तो काही बोलणार नाही, खिडकीबाहेर बघेल, आणि ते मला भांडणापेक्षा जड जाईल.

वैदेही दिवेलागणीच्या सुमाराला पाठवणार आहे. तोपर्यंत बदलायचं असेल तर फोन करा म्हणाली. फोन माझ्या मांडीवर आहे. लक्ष्मी दोनदा विचारून गेली, बाय, आज वाफ्यांवर यायचं नाय का. मंदा, यातलं तुला काही पटत नसेल तर कसंही करून मला कळव. मी ऐकेनच असं नाही. पण कळव.